ऊन पाणी

मराठीतील काही वाक्ये मोठी सभ्य आहेत. 'पाणी तापले आहे', 'चहा झाला आहे', 'चूल पेटली आहे'. ऐकणाऱ्याला ती कोणाच्याही उपकाराखाली ठेवीत नाहीत. पाणी आपले आपण तापते, चहा आपला आपण होतो, आणि आपण टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीघराकडे वळावे एवढेच काय ते उरते. व्याकरणकार अशा क्रियापदांना अकर्मक म्हणून मोकळे होतात. परंतु ज्या घरात रोज अकरा माणसांची स्नाने ऊन पाण्याने होत असत, त्या घरात ते पाणी पहाटे चारपासून कोणीतरी तापवीत असले पाहिजे, हे त्या वाक्यावरून कळण्यास काही मार्ग नाही. 'तापणे' आणि 'तापवणे' यांत अंतर एका 'व'चे आहे. त्या एका अक्षरात आमच्या पनवेलच्या जुन्या घरातील तीन पिढ्यांच्या बायकांच्या पहाटा खर्ची पडल्या.

मी इतिहासाचा अध्यापक आहे. राजांच्या वंशावळी, तहांच्या तारखा आणि किल्ल्यांचे वेढे शिकविण्यात माझी तीस वर्षे गेली; परंतु घरातील ऊन पाण्याचा इतिहास कोणी लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. स्वतः मला तरी त्याची आठवण कशाला झाली असती? ती झाली एका झोपडीमुळे.

पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे जाणारा रस्ता नेरे, मालडुंगे अशी गावे घेत धोधाणीपाशी डोंगराला टेकतो. एका अंगाला प्रबळगड, समोर माथेरानचे पठार, आणि मधल्या खोऱ्यातून वाहणारी गाढी नदी. या रस्त्याच्या टोकाअलीकडे, एका ठाकरवाडीच्या वर, उतारावर, मी काही वर्षांपूर्वी दोन खोल्यांचे घर बांधले. त्याला घर म्हणण्याचा संकोच वाटतो म्हणून आम्ही त्याला झोपडीच म्हणतो. विजेचे खांब वाडीपर्यंत येऊन थांबले आहेत. तेथून पुढे अर्धा मैल चढण आहे, आणि तेवढ्या चढणीवर खांब आणण्याचा खर्च झोपडीच्या किमतीहून अधिक. छपरावरच्या दोन लहान सौर तक्त्यांवर चार दिवे लागतात आणि पुस्तक वाचता येते. झोपडीच्या वरच्या अंगाला एक झरा आहे, तो होळीपर्यंत टिकतो.

पनवेल आता पूर्वीचे राहिले नाही. १८५२ साली नगरपालिका मिळालेले हे गाव २०१६ साली महानगरपालिका झाले, आणि ज्या रस्त्यांवरून बैलगाड्यांची रांग जाई तेथे आता रात्री बारालाही मोटारींचे कर्णे थांबत नाहीत. माझी आई ८३ वर्षांची आहे. तिने एके दिवशी सांगून टाकले की, या गोंगाटात माझा जप मलाच ऐकू येत नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत मी डोंगरावर राहणार. मला आनंदच झाला. पत्नीचीही हरकत नव्हती. तिने फक्त एक प्रश्न विचारला :

"राहू की. पण पाणी कोण तापवणार, तेवढं आधी ठरवा."

तिने 'व'सकट क्रियापद वापरले होते.

---

आमच्या जुन्या घरातील बंब अजून माळ्यावर आहे. बंब न पाहिलेली पिढी आता कॉलेजात येऊ लागली आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. तांब्याचे उभे, पोटफुगे भांडे. त्याच्या मधोमध खालपासून वरपर्यंत गेलेली एक रुंद नळी. नळीच्या तळाशी जाळी, जाळीखाली राख पडण्याची जागा. बाजूला पितळेची तोटी. जाळ नळीत, पाणी नळीभोवती. नळी हेच चुलाणे आणि नळी हेच धुराडे. रशियन लोकांचा चहाचा सामोवार आणि आपला बंब ही सख्खी भावंडे शोभावीत, इतकी दोघांची अंतर्रचना सारखी आहे. उघड्या चुलीवर हंडा ठेवला तर अर्धा जाळ हंड्याच्या बाजूने निघून जातो. बंबात जाळाला चहूकडून पाण्यानेच वेढलेले असल्यामुळे त्याला उधळेपणा करण्यास वाव कमी. ज्या कोणी तांबटाने ही युक्ती प्रथम योजली त्याला भौतिकशास्त्र शिकविण्याची गरज नव्हती.

आमचा बंब पुण्याच्या तांबट आळीतून आजोबांनी आणला होता. तो दिसण्यात राजस होता, परंतु सेवा मात्र फार घेई. त्याच्या नळीत ओंडका जात नाही. म्हणून लाकडाच्या ढलप्या कराव्या लागत, आणि त्या आदल्या दुपारी आईच कोयत्याने करी. ढलप्या कमी पडल्या तर करवंट्या, नारळाची सोडणे, गोवरीचे तुकडे, झाडून आणलेला पातेरा. पावसाळ्यात यांतले काहीच वाळत नसे, आणि मग फुंकणीचे राज्य सुरू होई. बंबात एका वेळी जेमतेम दोन बादल्या पाणी मावे. म्हणून घरात कडक नियम होता की, जितके ऊन पाणी काढाल तितके गार पाणी ओता. हा नियम पुरुषमंडळी हटकून विसरत, आणि कोरड्या बंबाचे डाक वितळेल या धास्तीने आई तेथून हलू शकत नसे. शिवाय प्रत्येकाच्या अंगाचा मान निराळा. आजोबांना कढत लागे, धाकट्या काकांना कोमट, आजीला विसण तिच्या हातानेच घालावयाचे असे.

'विसण' हा शब्द आता ऐकू येत नाही, याचे मला वाईट वाटते. कढत पाणी अंगाला सोसवेल असे करण्यासाठी त्यात जे गार पाणी घालावयाचे ते विसण. नळाच्या दोन तोट्या आल्या आणि हा शब्द गेला. एवढ्याशा कृतीला स्वतंत्र नाव देणाऱ्या भाषेने ते पाणी तापविणारीला मात्र नाव दिले नाही.

आई लग्न होऊन आली तेव्हा १९ वर्षांची होती, आणि घरात विजेचा गीझर आला तेव्हा तिला नातवंडे झाली होती. मधल्या काळातील पहाटांचा हिशेब मी एकदा मांडला आणि अर्ध्यावरच सोडून दिला. नरकचतुर्दशीला पुरुषांनी सूर्योदयापूर्वी अभ्यंगस्नान करावे, अंगाला उटणे लावावे, कारीट फोडावे, हे सर्वांना ठाऊक असते. त्या दिवशी बंब दोन वाजता पेटवावा लागे, हे पंचांगात छापलेले नसते.

---

झोपडीसाठी पहिला मार्ग अगदी सरळ होता. बंब माळ्यावरून उतरवावयाचा, कल्हईवाल्याकडून डाक नीट करून घ्यावयाचा आणि वर न्यावयाचा. वाडीतील एक बाई आमच्याकडे येऊन-जाऊन असत, त्या आपण होऊन म्हणाल्या, "मास्तर, पहाटं मी येऊन पेटवीन. लाकडंबी आणीन. म्हैन्याला काय द्यायचं ते द्या." पत्नीला हे पसंत होते. मी नाही म्हणालो, आणि त्यावरून आमच्यात चांगलाच वाद झाला. माझे म्हणणे असे की, आईच्या जागी या बाई येतील आणि आपले वाक्य 'पाणी तापले आहे' असेच राहील. पत्नी म्हणाली, "तुमच्या वाक्यापायी त्यांचे पैसे बुडवणार का? त्यांना चार पैसे नकोत?" या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते आणि अजूनही पुरते नाही. शेवटी बाईंना आम्ही आंब्याची कलमे जोपासण्याचे काम दिले, तेही उजाडल्यावरचे. परंतु ते काम द्यावयास ऊन पाण्याच्या वादाची गरज होती, हे पत्नीने मला सुनावल्यावाचून सोडले नाही.

लाकडाचा हिशेब मात्र मी कागदावर केला. शंभर लिटर पाणी वीस अंशांपासून पंचेचाळीस अंशांपर्यंत तापवावयाचे तर अडीच हजार किलोकॅलरी उष्णता लागते. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत साडेतीन हजारांच्या आसपास असते. पण बंबातसुद्धा तिचा चौथा-तिसरा हिस्साच पाण्याला लाभतो, बाकीची धुराड्यावाटे आकाशाला. म्हणजे रोजचे अडीच-तीन किलो लाकूड. चार महिन्यांचे साडेतीनशे किलो. डोक्यावरची मोळी वीस-पंचवीस किलोंची धरली तर चौदा-पंधरा मोळ्या. तीन माणसांच्या आंघोळीसाठी एका बाईने जंगलातून पंधरा वेळा मोळी आणावयाची. या खोऱ्यातील ठाकर आणि कातकरी लोकांचे आयुष्य लाकडाशीच जखडलेले आहे. कातकऱ्यांचे नावच मुळी खैराच्या काताच्या धंद्यावरून पडले; पुढे तो धंदा गेला आणि रायगड जिल्ह्यातील त्यांची कुटुंबेच्या कुटुंबे दर वर्षी कोळशाच्या भट्ट्यांवर आणि वीटभट्ट्यांवर जाऊ लागली. शहरांना लागणारी ऊब त्यांनी पिढ्यान् पिढ्या वाहून आणली आहे. तीत माझ्या पंधरा मोळ्यांची भर नको असे मला वाटले, इतकेच.

गॅसचा विचार केला. सिलिंडर अर्धा मैल चढवावयाचा तो पुन्हा कोणाच्या तरी खांद्यावरून. आणि बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर लावला तर त्यातून निघणारा विषारी वायू, ज्याला ना रंग ना वास, माणसाला बेशुद्ध करून ठार मारतो, अशा बातम्या दर हिवाळ्यात वाचावयास मिळतात. छपरावरच्या विजेने पाणी तापवावे म्हटले तर ते चमच्याने विहीर उपसण्यासारखे. दिव्यांपुरती ती वीज, तिने गीझर तापावयाचा कसा? विद्युत्-तक्ता आपल्यावर पडलेल्या उन्हाचा पाचवा हिस्सा तेवढा विजेच्या रूपाने परत देतो. तेच ऊन सरळ काळ्या पत्र्यावर घेऊन पाण्याला दिले, तर निम्म्याच्या आसपास हाती लागते.

उरला सूर्य. निसर्गाने कोकणावर एरवी याही बाबतीत कृपा केली आहे. उत्तरेस वज्रेश्वरी, गणेशपुरी. दक्षिणेस पालीजवळचे उन्हेरे, महाडजवळचे सव. त्याच्याही खाली उन्हवरे, तुरळ, राजवाडी. जमिनीच्या खोल भेगांत शिरलेले पाणी तेथे तापून आपल्या पायांनी वर येते. त्या गावांत 'पाणी तापले' हे वाक्य अक्षरशः खरे आहे. पण उन्हाळ्यांची ही रांग पनवेलला मात्र वगळून गेली. आपल्या भाषेचा आणखी एक चमत्कार यावेळी ध्यानात आला. सूर्याचा ताप तेही 'ऊन' आणि तापलेले पाणी तेही 'ऊन'. झऱ्यांना आपण 'उन्हाळे' म्हणतो आणि ऋतूलाही. शब्दांनी ही सोयरीक केव्हाच जुळवून ठेवली होती. नळ तेवढे जोडावयाचे राहिले होते.

तेही इतरांनी जोडून पाहिले होते. जिनीव्हाच्या सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने १७६७ साली काचेची झाकणे असलेली एक पेटी केली. ऊन काचेतून आत शिरते, पण आत शिरून उष्णता झाल्यावर त्याला बाहेर पडणे जड जाते, या तत्त्वावर त्या पेटीचे तपमान पाणी उकळण्याच्या बिंदूच्याही वर गेले. अमेरिकेत बॉल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पने १८९१ साली अशाच पेटीत पाण्याच्या काळ्या टाक्या बसवून पेटंट घेतले. त्यात एकच उणीव, रात्री पाणी गार होई. १९०९ च्या सुमारास कॅलिफोर्नियात विल्यम बेलीने तापविण्याची जागा आणि साठविण्याची जागा निराळ्या केल्या, साठवणीच्या टाकीला ऊबदार वेष्टण दिले, आणि त्या यंत्राचे नावच 'दिवस आणि रात्र' असे ठेवले. आज घरोघर गच्चीवर दिसते ती याच कल्पनेची संतती.

पण मला खरा आनंद झाला तो या प्रकरणात मुंबईचे नाव सापडले तेव्हा. १८७० नंतरच्या दशकात मुंबईच्या उच्च न्यायालयात विल्यम ॲडम्स नावाचा एक इंग्रज डेप्युटी रजिस्ट्रार होता. कचेरीचे काम संपले की हा गृहस्थ आरशांनी ऊन गोळा करीत बसे. कुलाब्याला आपल्या आवारात त्याने सपाट आरशांची अर्धवर्तुळाकार रांग उभी केली, तिचा झोत बाष्पपात्रावर आणला आणि अडीच अश्वशक्तीचे वाफेचे यंत्र नुसत्या उन्हावर चालवून दाखविले. काचेच्या एका चुलीत त्याने जानेवारी महिन्यात सात शिपायांचा शिधा दोन तासांत शिजविला. हे सारे त्याने १८७८ साली मुंबईतच ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. उष्ण देशांत इंधनाच्या जागी सूर्याचा ताप कसा वापरावा हा त्याचा विषय. ज्या देशात लाकूड महाग आणि ऊन फुकट, तेथे हे उलटे का चालले आहे, असे त्याला वाटत होते. त्याचे आरसे पुढे कोठे गेले कोण जाणे. मुंबई मात्र कोळशावरच चालत राहिली.

---

पनवेलच्या एका कारखान्यातून मी दोन चौरस मीटरचा एक तक्ता आणि शंभर लिटरची पोलादी टाकी घेतली. तक्ता म्हणजे तांब्याच्या नळ्यांना चिकटविलेला काळा पत्रा, वर कठीण काच, मागे ऊबदार अस्तर. दुकानदार मला काचेच्या पोकळ नळ्यांचे अधिक आधुनिक यंत्र दाखवीत होता आणि ते स्वस्तही होते. मी त्याला विचारले, "माथेरानची माकडे पाहिली आहेत का?" तो हसला आणि त्याने तक्ता बांधावयास घेतला.

या यंत्राला पंप लागत नाही. तक्त्यात पाणी तापले की हलके होऊन वर चढते आणि टाकीत जाते. टाकीच्या तळचे गार, जड पाणी त्याच्या जागी तक्त्यात उतरते. ऊन आहे तोवर ही ये-जा आपोआप चालते. अट एकच : टाकीचा तळ तक्त्याच्या माथ्याहून फूटभर तरी उंच हवा. नाहीतर रात्री तक्ता निवला की चक्र उलटे फिरते आणि दिवसभराची कमाई आकाशाला परत जाते. गच्चीवर यासाठी लोखंडी घडवंच्या लागतात. आमच्या उतारावर हे जमिनीनेच करून ठेवले होते. सर्वांत वर झऱ्याचे पाणी येणारी गार टाकी, तिच्याखालच्या पायरीवर ऊन पाण्याची टाकी, त्याखाली तक्ता, आणि सर्वांत खाली न्हाणीघर. जुन्या भाताच्या खाचरांचे बांध होते, त्यांचेच आम्ही जिने केले.

नळ जोडावयास पनवेलहून एक प्लंबर आला. मी त्याला टाकी वर आणि तक्ता खाली का, ते समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि म्हणाला, "सर, पाणी वर जायला मोटर लागते." मी त्याला पुस्तकातील आकृती दाखविली. आकृतीने त्याचे समाधान झाले नाही. पण नळ जोडताना त्याने जी एक गोष्ट हट्टाने केली ती माझ्या पुस्तकात इतक्या ठसठशीतपणे सांगितलेली नव्हती. तक्त्याकडून टाकीकडे जाणारा नळ सबंध लांबीत चढताच असला पाहिजे, मध्ये कोठेही त्याला पोट पडता कामा नये, नाहीतर पोटापुढच्या उंचवट्यात हवा अडकते आणि सारे बंद पडते. त्यासाठी त्याने दगड लावून, ओळंबा धरून, दोनदा नळ काढून पुन्हा बसविला. टाकीच्या माथ्यावरून हवेची एक नळी त्याने गार टाकीच्याही वर नेऊन उघडी सोडली. दुपारी तक्त्यावरचे पोते काढले. वीस मिनिटांनी वरच्या नळाला हात लावून तो चटकन् मागे झाला, माझ्याकडे पाहून म्हणाला, "चढलं की!" आणि मग खालच्या गार नळाला हात लावून आला, पुन्हा वरच्याला. जाईपर्यंत त्याने हे पाच-सात वेळा केले.

तक्ता दक्षिणेकडे तोंड करून बसविला आहे. पनवेलचा अक्षांश एकोणिसाच्या जवळपास. वर्षभराच्या हिशेबाने तितकाच कल पुरे, पण आम्हाला पाणी हवे ते हिवाळ्यात, जेव्हा सूर्य दक्षिणेला खाली झुकतो, म्हणून कल तीस अंशांचा दिला. टाकीभोवती फळ्यांची पेटी करून तीत भाताचा तूस ठासून भरला. वीतभर जाडीचा थर. तूस वाडीतल्या बाईंनीच सुचविला. त्यांच्याकडे निखारे रात्रभर राखेत जसे जपतात तसे हे. डिसेंबर-जानेवारीत निरभ्र दिवशी संध्याकाळपर्यंत पाणी साठ अंशांच्या आसपास जाते आणि पहाटेपर्यंत चार-पाच अंशांहून अधिक उतरत नाही. साठ अंशांचे पाणी अंगावर घेता येत नाही. त्यात विसण घालावे लागते, आणि झऱ्याचे विसण घातले की शंभराचे दोनशे लिटर होतात.

आईने पहिल्या दिवशी तोटीखाली बादली धरली, बोट बुडवून पाहिले, आणि विचारले, "जाळ कुठे आहे?" मी तिला हात धरून वर नेले, तक्ता दाखविला, टाकी दाखविली. तिने पेटीतून बाहेर आलेला चिमूटभर तूस पुन्हा आत सारला. मला वाटले होते, ती म्हणेल की हे चाळीस वर्षांपूर्वी का नाही झाले. तसे काही ती म्हणाली नाही. रात्री जेवणानंतर, विषय निराळाच चालला असताना, ती म्हणाली, "बंबापुढे बसलेली असताना मला कोणी हाक मारीत नसे. घरात तेवढी एकच वेळ होती. थंडीच्या दिवसांत पाठ भिंतीला आणि पाय जाळाला. हरिपाठ सगळा तिथेच पाठ झाला माझा." पत्नीने तिच्याकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. तिच्या पहाटांचा जो हिशेब मी अर्ध्यावर सोडला होता त्यात ही जमेची बाजू मी धरली नव्हती. अर्थात् तीमुळे खर्चाची बाजू लहान होते असेही मला वाटत नाही. आईच्या डोळ्यांना धूर चाळीस वर्षे लागला तो लागलाच.

जून ते सप्टेंबर आम्ही तेथे राहत नाही, पण कलमे पाहावयास एखादी रात्र जातो. पावसात तक्ता नुसता भिजत असतो. त्यासाठी बंब वर नेऊन ठेवला आहे आणि तो पेटविण्याचे काम माझ्याकडे आहे. ओल्या ढलप्या पेटवावयास मला तासभर लागतो. पत्नी अंथरुणातूनच विचारते, "पाणी तापवलंत का?" अलीकडे आमच्या घरात हे क्रियापद असेच वापरले जाते.

गेल्या जानेवारीत वाडीतल्या त्या बाईंची लेक बाळंतपणाला माहेरी आली. बाईंच्या घरी उज्ज्वला योजनेतला गॅस आहे. ती योजना २०१६ साली निघाली. त्या गॅसवर चहा होतो, पाहुणा आला तर भाजी होते. परंतु आंघोळीचे पाणी गॅसवर तापविणे कोणाला परवडते? वाडीत सगळीकडे ते लाकडावरच तापते. आणि बाळंतिणीचे न्हाणे म्हणजे दोन-चार तांब्यांचे काम नव्हे. तिला आणि बाळाला मिळून हंडेच्या हंडे पाणी लागते, तेही रोज, सव्वा महिना. आमच्याकडे तिघांच्या आंघोळी होऊन टाकीत पाणी उरते, हे बाईंना ठाऊक होते. एके सकाळी त्या दोन हंडे घेऊन आल्या, पण तोटीपाशी न जाता आईपुढे उभ्या राहिल्या.

"आजी, ह्या पान्याला चुलीची आच नाय लागली. बालंतिनीला चालंल का?"

आई या शास्त्रात अधिकारी आहे. तिने थोडा विचार केला. "न्हाऊ घाल खुशाल. पाणी उन्हाचं असलं तरी ऊनच आहे ना? पण शेक मात्र निखाऱ्यांचाच दे हो, त्याला दुसरं काही चालायचं नाही. आणि बाळाला घालायच्या आधी कोपर बुडवून बघ, हे फार कढत असतं. विसण नीट घाल."

'विसण' हा शब्द बाईंना समजावून सांगावा लागला नाही. तोटीखाली हंडा लावून त्या सहज म्हणाल्या की, असा एक तक्ता घरावर बसवायचा तर किती पडतात. मी आकडा सांगितला. त्यांनी तो मनातल्या मनात मोळ्यांत मोजला की दिवसांच्या मजुरीत, ते मला कळले नाही. पण मोजला खास. हंडा भरत आला होता. त्यांनी तोटी बंद केली, चुंबळ डोक्यावर बसविली, आणि मी पुढे होण्याच्या आत पत्नीने दुसरा हंडा उचलला.

त्या सव्वा महिन्यात तीन दिवस आभाळ भरून आले. तिन्ही दिवशी टाकीतले होते ते पाणी खाली वाडीत गेले, आणि मी पावसाळ्यापासून कोपऱ्यात पडलेला बंब अंगणात आणून ढलप्या फोडावयास बसलो. आई शाल गुंडाळून समोर येऊन बसली, पाय जाळाकडे करून.